गोल तुकड्यांची गोधडी

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई नव्यानंच येऊन गोधड्या शिवत बसायच्या. आई गेल्यावर तिची चार लुगडी मी त्यांच्याकडे दिली आणि बजावलं, "सरळ चौकोनी तुकडे कापा आणि जोडा. थंडीच्या आत गोधडी हवी."

बाईंनी ऐकलं तर शपथ! कापडावर पितळी ताटली पालथी घालून तिच्या कडेनं खडू फिरवायचा आणि तुकडा गोलच कापायचा. गोल कड दुमडताना जराशी चुणी पडली, की सगळे टाके उसवायचे. रोज कचेरीतून येताना मी विचारायचो. दातानं दोरा तोडत त्या म्हणायच्या, "उद्या देते की."

त्या 'उद्या'नं माझं डोकं उठवलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी मी ओरडलोच, "अहो, थंडी सरली! चौकोन कापायला काय धाड भरली होती तुम्हाला?"

"माणूस चौकोनी झिजतंय व्हय?" त्यांनी गोधडी माझ्यापुढे पसरली. "जितं कापड इरलं हुतं, तितं गोल तुकडा लावलाय. चारी लुगडी डाव्या कमरंवरच इरलीत बगा. तुमची आई लई लांबनं घागर आणत हुती जणू. घरात नळ न्हवता व्हय?"

मी गोधडी काखेत मारून निघालो.

नळाचा अर्ज दुष्काळाच्याही आधीपासून माझ्या टेबलाच्या खणात लिहून पडला होता. आई विचारायची, तेव्हा मी म्हणायचो, "उद्या देतो."