सुस्वागतम्‌चा खिळा

माझ्या डाव्या भुवईच्या वर एक आडवा व्रण आहे. तो मला 'सुस्वागतम्' या फलकाने दिला. शाळेच्या बाल आनंद मेळाव्यासाठी मुलांनी हाताने केलेला तो फलक, आणि तो दोन्ही हातांनी उगारून हाणणारा माणूस म्हणजे फलक करणाऱ्या मुलीचा बाप. त्याला मारायचं होतं ते समोरच्याला, मला नव्हे. मी मध्ये शिरले.

शाळा पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या पुढे, बरीच वर, दोन वाड्यांच्या मधल्या माळावर. मी तिथली शिक्षिका, महाडहून जायचे. वरची वाडी आणि खालची वाडी यांचा देव एक, पालखीही एकच. शिमग्यात पालखीचा पुढचा दांडा कुणी खांद्यावर घ्यायचा यावरून, मी तिथे बदलून यायच्या आधी, कोयते निघाले होते. तेव्हापासून पालखी देवळातच बसून होती आणि माणसं एकमेकांच्या लग्नाला नाही की मयताला नाही. एकत्र बसायची ती फक्त मुलं, माझ्या शाळेच्या दोन खोल्यांत. पट इतका लहान की एका वाडीने मुलं काढली तर शाळेला कुलूपच लागलं असतं. हे दोन्ही वाड्यांना पक्कं ठाऊक होतं आणि जराही काही बिनसलं की ते मला ऐकवायचे.

मेळाव्यात मुलं खाण्याचे स्टॉल लावतात, त्याआधी दोन्ही वाड्यांतून फेरी निघते. त्या वर्षी मी सांगितलं, छापील बॅनर आणायचा नाही. हसऱ्या पुढाऱ्यांच्या त्या फ्लेक्सचा मला मनापासून तिटकारा आहे. मग मुलांनी आठवडाभर वर्गाचा उकिरडा केला. दुकानातले खोके फाडले, गेरू कालवला, चुलीतला कोळसा आणला, पेजेची खळ केली. भजीवाल्यांनी अक्षरं कांद्याच्या सालांनी भरली. रताळ्यांच्या स्टॉलचा फलक रताळ्याच्या आकाराचा कापला, तो मेलेल्या घुशीसारखा दिसत होता.

फेरीच्या पुढचा 'सुस्वागतम्' खालच्या वाडीतल्या सातवीच्या मुलीने केला. सफरचंदाच्या पेटीच्या फळ्या आणि त्यावर भाताच्या लोंब्यांची अक्षरं. बापाने फळ्या जोडून बांबूला ठोकून दिल्या. एक खिळा पलीकडून बाहेर आला होता, तो तसाच राहिला. सजवायची वेळ आली तेव्हा तिने तिला माहीत असलेली सगळ्यात देखणी वस्तू डोळ्यांसमोर आणली. जुन्या साडीचे जरीकाठ झालरीसारखे लावले, झेंडूच्या माळा सोडल्या, खाली घुंगरं बांधली. मी शाबासकी दिली. महाडच्या माणसाला त्यात पालखी कुठून दिसणार.

खालच्या वाडीला ती लगेच दिसली. पहिल्याच घरातून एक म्हातारी तांब्या आणि निरांजन घेऊन बाहेर आली. तिने मुलीच्या पायांवर पाणी घातलं, फलकाला हळदकुंकू वाहिलं आणि ओवाळलं. ओवाळताना ती रडत होती. कित्येक शिमगे तिच्या दारात ओवाळायला काही आलंच नव्हतं. मग दुसरं घर, मग तिसरं. मुलीची मान ताठ झाली होती आणि चाल बदलली होती.

ही बातमी आमच्याआधी वर पोचली. सहाणेपाशी, म्हणजे पालखी टेकवायच्या ओट्यापाशी, वरच्या वाडीची माणसं उभीच होती. पुढे त्यांचा म्होरक्या, मेळाव्यासाठी मुंबईहून रजा टाकून आलेला.

"पयली ओवाळणी आमची असते. मान आमचा हाय," तो म्हणाला. "बोर्ड आमच्या पोरांकडं द्या."

"अहो, हा शाळेचा बोर्ड आहे. पालखी नाही."

"बाई, तुमी मधी पडू नका. तुमाला त्यातलं काय कळत नाय."

त्याने बांबूला हात घातला. मुलगी सोडेना. त्याने हिसडा दिला तशी ती तोंडावर पडली आणि तिचा दात तिच्याच ओठात रुतला. बाप मागून धावत आला, त्याने म्होरक्याला छातीत लाथ घातली आणि फलक उचलला.

मग मोठ्यांनी मुलांच्या हातांतल्या फलकांच्या काठ्या ओढून घेतल्या. 'गरम भजी' एकाच्या पाठीत मोडली. 'शांतता राखा' दोनदा खाली आली, दुसऱ्यांदा नुसती काठीच उरली होती. कुणाची बत्तीशी हलली, कुणाचा शर्ट गळ्यापासून फाटला, कुणी कुणाच्या आईला काय म्हणत होतं ते पहिलीच्या पोरांना नीट ऐकू येत होतं. मुलं ओट्याला चिकटून उभी होती आणि त्यांच्यासमोर त्यांचे बाप एकमेकांना गुरासारखे बडवत होते. माझं डोकं फिरलं. मी शिरले, आणि खिळा माझं कपाळ चिरत गेला.

रक्ताने डावा डोळा मिटला, म्हणून मी उजव्याने नेम धरला. आधी म्होरक्याच्या कानाखाली वाजवली, मग मुलीच्या बापाच्या. दोन्ही हातांत जेवढा जोर होता तेवढा लावून. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं समाधान मला कधी मिळालेलं नाही, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. बाईने हात उचलला याचाच धक्का बसून सगळे थांबले. लोंब्यांवर माझं रक्त ठिबकत होतं. मुलगी ओठ दाबून धरून ते बघत होती.

पोलादपूरला टाके घातले. संध्याकाळी दोन्ही वाड्यांची माणसं माझ्या महाडच्या घरी आली, वेगवेगळ्या रिक्षांतून, पण मागणं एकच, पोलिसांत जाऊ नका. दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीची मुलं शाळेत आली नाहीत. मी पट्टी बांधलेल्या डोक्याने वर चढले आणि म्होरक्याच्या अंगणात उभी राहिले.

"उद्या पोरं शाळेत दिसली नाहीत, तर परवा मी पोलिसांत," मी म्हणाले.

तो वळून घरात गेला. पोरं मात्र आली.

पुढच्या वर्षी फेरी काढायची नाही, असं मुलांनीच ठरवलं. फलकांना काठ्याही लावल्या नाहीत. त्या मुलीचं खरं तर सातवीनंतर शाळेशी काम उरलं नव्हतं. ती आता आठवीला खाली कापड्याच्या शाळेत जायची, पण मेळाव्याच्या आदल्या दिवशी ती आली आणि फाटकाला एक फळी बांधून गेली. त्याच पेटीची मोडकी फळी होती, खिळे उपटलेली, एका कडेला काळा पडलेला डाग. लोंब्या नव्हत्या. कोळशाने लिहिलं होतं, 'आत फक्त मुलं. मोठ्यांनी बांधावर बसावं.'

तिचा बाप आला. त्याने फळी वाचली, मग माझ्या कपाळाकडे बघितलं आणि फाटकाबाहेरच्या बांधावर जाऊन बसला. थोड्या वेळाने म्होरक्याही आला. त्यानेही वाचलं आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला बसला. बाकीचे उरलेल्या जागेत.

मुलीला दया आली असावी. तिने एका ताटात गरम भजी घेतली आणि बांधाकडे गेली. ताट आधी कुणापुढे धरायचं, यावर ती क्षणभर थांबलेली मला दिसली. मग तिने ते बरोबर मध्ये जमिनीवर ठेवलं आणि परत आली.

मी दारातून बघत होते. पहिला हात कुणी घालायचा हे त्यांना ठरवता येईना. तिचा बाप ताटाकडे बघायचा, म्होरक्या बापाकडे. आमच्याकडे आत पोरांचा कल्ला चालला होता, वरच्या वाडीचा एक मुलगा खालच्या वाडीतल्या मुलाच्या हातातलं रताळं खात होता. बाहेर भजी निवली, तेलकट झाली, माश्या बसल्या. कुणी जागचं हललं नाही.

मुलगी पुन्हा गेली. तिने दोघांच्या मधून वाकून ताट उचललं. बापाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"बाई, नाय खाल्ली त्यांनी," आत येत ती म्हणाली. तिच्या ओठावरचा व्रण अजून दिसत होता. मग तिने माश्या हाकलल्या आणि भजी पोरांना वाटून टाकली.