बोकडाचा कौल

आज सकाळी लासुर्ण्याच्या बाजारात शेळ्यांच्या ओल्या अंगाचा वास आला आणि माझे पाय तिथंच थांबले.

माझी एमआयडीसीतली नोकरी पक्की व्हावी म्हणून आईनं बोकडाचा नवस बोलला होता. त्यासाठी ठेवलेलं करडू मीच बाटलीनं दूध पाजून वाढवलं. त्याला राजा म्हणायचो. नोकरी पक्की झाल्यावर नवस फेडायला जत्रेच्या दिवशी देवळापुढं त्याच्या पाठीवर पाणी ओतलं. बोकडानं अंग झाडलं की देवानं कौल दिला, असं आमच्याकडं मानतात. तोवर सुरी लावत नाहीत. राजा नुसता थरथरत उभा राहिला. दुसरा तांब्या ओतला, तरी तसाच.

"देव नगं म्हणतोय वाटतं," कुणीतरी हसलं.

"देव कशाला नगं म्हणंल? भ्यालंय त्ये," चुलते तात्या म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "तू जा की. तुजंच लेकरू हाय."

मी गेलो नसतो, तर कदाचित तो वाचला असता. पण पाहुणे जमले होते, आई माझ्याकडं बघत होती. मी त्याच्या मानेवरून हात फिरवला. थरथर थांबली. त्यानं माझ्या तळव्याला नाक लावलं आणि सगळं अंग झाडलं. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"दिला कौल!" लोक ओरडले.

दुपारी मी जेवलो, रस्सा पुन्हा मागून घेतला. अजूनही खातो. दर वेळी सोडायचं ठरवतो आणि रविवारी ताट पुढं ओढतो. काय करावं, कळत नाही. राजानं देवाला होकार दिलाच नव्हता. मी आलोय, आता आपल्याला काही होणार नाही, एवढंच त्याला वाटलं होतं.