एकमताच्या आड आलेली वहिनी

…तर त्या साहेबांची विजार वहिनीनं एकाच पायाला इस्त्री करून परत दिली. काल चहा आला आणि गोष्ट इथंच अडकली होती. साहेब म्हणाले होते, "मला फार घाई आहे, अर्धंमुर्धं केलंत तरी चालेल." वहिनीनं त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. डावा पाय कडक घडीचा, उजवा पाय आला तसा बोळा. साहेब लालबुंद झाले. वहिनी म्हणाली, "अर्धं म्हणालात, कुठलं अर्धं ते बोलला नाहीत. मी आपली डावीकडून सुरुवात केली." साहेब पुढं मरेपर्यंत तिचंच गिऱ्हाईक राहिले आणि घाई हा शब्द त्या टेबलासमोर त्यांनी पुन्हा काही काढला नाही.

अशी ही माझ्या दादाची बायको. गल्ली तिला घडीमावशी म्हणायची. पक्षाच्या कचेरीचा जो जिना आहे, त्याच्या खालच्या खोबणीत तिचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर चारी पायांनी वेगवेगळं डुगडुगणारं एक टेबल, त्यावर जाड घोंगडी, घोंगडीवर जागोजागी जळल्याचे तपकिरी डाग, कोळशाची इस्त्री आणि डोक्यावर एक तार. तारेला लटकलेले सदरे वाऱ्यानं हलायचे, तेव्हा लांबून वाटायचं, जिन्याखाली बिनडोक्यांची सभाच भरली आहे. दादा म्हणायचा, "वर भरते तिच्यापेक्षा ही बरी, निदान स्वच्छ तरी आहे."

जागा पक्षाची, वापर आमचा. आमच्या बाबांच्या वेळेपासून चालत आलेलं. कुणी कधी दिली नाही, म्हणून कुणी कधी काढलीही नाही.

वहिनी पक्षाची सभासद कशी झाली, तीही एक गंमतच. कचेरीचा झेंडा इस्त्रीला खाली यायचा. पाचसहा वेळा आला, तेव्हा ही झेंडा खांद्यावर टाकून तडक वर गेली आणि म्हणाली, "याच्या सुरकुत्या मी काढते, तर याच्या नावानं चार गोष्टी बोलायचा हक्कही मला हवा. सभासद करून घ्या." वरच्यांना हसू आलं, पण नाही कोण म्हणणार? दादा मात्र म्हणाला, "उद्या डॉक्टरांचा कोट इस्त्रीला येईल. मग काय दवाखान्यात जाऊन सुया टोचशील?" वहिनी म्हणाली, "तुमच्यापासून सुरुवात करीन."

आता मूळ मुद्द्यावर येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा टांग्याचा घोडा आहे, दिसेल त्या दारात थांबतो.

पक्षाच्या आमच्या गावच्या शाखेचे जे अध्यक्ष होते, त्यांना सगळे थोरले म्हणत. थोरल्यांनी कामं केली होती हे खरं. पाणी आणलं, दिवे आणले, नदीवर पूल बांधला. तो पूल दुसऱ्याच पावसात खचला हेही खरं. मग चौकशी, मग खटला, मग थोडे दिवस आत, मग जामिनावर बाहेर आणि बाहेर आल्या आल्या पुन्हा अध्यक्षपद हवं म्हणून उभे. गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, "खाल्लं असेल, पण काम केलं." दुसरा म्हणे, "काम केलं असेल, पण खाल्लं." शब्द तेच. भांडण मात्र असं की सख्खे साडू एकमेकांच्या दारावरून जाईनात. पक्षातल्याच एक शाळेतल्या बाई अध्यक्षपदाला तयार होत्या, बोलायला खणखणीत, हाताच्या स्वच्छ. त्यांचं नाव सगळे घ्यायचे, पण इकडंतिकडं बघून.

हे सगळं वहिनीच्या टेबलाशी चालायचं. कपडे घ्यायला आलेला माणूस दोन मिनिटं थांबतो आणि दोन मिनिटांत पोटातलं सगळं बोलतो. कचेरीत जाणारेही आधी तिथं थांबायचे. जिन्याखाली म्हणायचे, "थोरल्यांनी आता घरी बसावं, नातवंडं खेळवावीत." आणि वर जाऊन म्हणायचे, "थोरल्यांशिवाय आहे कोण?" वहिनी म्हणायची, "या जिन्यात काहीतरी आहे बाई. चढता चढता माणसाचं मत घसरून खाली पडतं. रोज सकाळी झाडते मी."

एक दिवस वर्तमानपत्राची एक मुलगी आली. लोकांचं मत विचारत फिरत होती, पक्ष कुणी चालवावा. टेबलाशी पाचसात जण होते. सगळे भडाभडा बोलले आणि मुलीनं नाव विचारताच सगळ्यांना एकदम कामं आठवली. एक तर गेला तो इस्त्रीचे कपडे न घेताच गेला. मुलगी वहिनीकडं वळली.

"मावशी, तुमचं मत? नाव नाही टाकणार हवं तर."

"टाक की. मत माझं आणि नाव कुणाचं टाकणार?"

"फोटो?"

"थांब, केस सारखे करते."

आणि सांगितलं काय, तर, "माणूस एके काळी चांगला होता. आता अंगावर डाग आहे. डाग पडलेला सदरा मी इस्त्री करत नाही, कारण उष्णतेनं डाग पक्का बसतो. आधी धुऊन आणा म्हणते. थोरल्यांनी आधी खटला धुऊन काढावा, तोवर शाळेच्या बाईंना पक्ष चालवू द्यावा."

दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं. दादा वर्तमानपत्र हातात घेऊन मटकन बसला. "अगं, निदान डोळे मिटलेला फोटो तरी द्यायचास!"

दुपारी कचेरीचे चिटणीस जिना उतरून आले. हे गृहस्थ चालताना पायाचा आवाज करत नसत आणि बोलताना तोंडाचा. हातात दोन विजारी घेऊन आले, म्हणजे लोकांना वाटावं कपडेच द्यायला आलेत.

"मावशी, छान आला फोटो."

"हो, इस्त्रीही छान दिसतेय."

"रविवारी बैठक आहे. थोरल्यांची निवड. एकमतानं झाली तर जिल्ह्याच्या कचेरीत मान राहतो. एक जरी विरोधात निघाला तरी जिल्ह्याचा नियम असा आहे की चिठ्ठ्या टाकून मत घ्यायचं. उगाच कशाला तो व्याप?"

"उगाच कसा? चिठ्ठ्यांना काय चावतंय?"

चिटणीस विजारीची घडी करत म्हणाले, "जिन्याखाली सायकली ठेवाव्यात असा एक विचार चाललाय वर. मीच थोपवून धरलाय."

म्हणजे बघा, किती गोडीनं गळ्याला हात घातला! दादाच्या छातीत तेव्हा कफ धरलेला, काम त्याच्यानं होत नव्हतं. घरातलं सगळं त्या खोबणीवर. चिटणीस गेले तसा दादा म्हणाला, "रविवारी जाऊच नकोस. डोकं दुखतंय म्हण."

"दुखत नाहीये."

"मग दुखव!"

"रोज इथं ज्यांचं ऐकते, त्यातला एकही वर तोंड उघडत नाही. मीही नाही गेले, तर मग या खोबणीत आणि वरच्या खोलीत फरक काय राहिला?"

दादा खोकला, बराच वेळ खोकला आणि मग म्हणाला, "जाणारच असशील तर स्वेटर घालून जा. त्या खोलीच्या खिडक्या लागत नाहीत." आमच्या दादाचा होकार असाच यायचा, कुठल्यातरी दुसऱ्याच गोष्टीत गुंडाळून.

आता बैठकीची रीत सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. आमच्या शाखेत मत देताना हात वर करत नसत. मान्य असेल त्यानं उभं राहायचं, नसेल त्यानं बसून राहायचं. साधी रीत. पण दुसरीही एक रीत होती. थोरले खोलीत आले की सगळ्यांनी उभं राहायचं, मोठा माणूस म्हणून. चिटणीसांनी या दोन्ही रीतींची अशी काही मोट बांधली होती की विचारू नका. थोरले जिन्यात असतानाच चिटणीस ठराव वाचायला घ्यायचे. शेवटचा शब्द आला की थोरले दारात. खुर्च्या करकरायच्या, सगळे उभे, आणि चिटणीस म्हणायचे, "एकमतानं मंजूर!" दारापासून खुर्चीपर्यंत येईतो थोरले निवडून आलेले असत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. लोकांना वाटायचं आपण मान दिला, चिटणीस लिहायचे की मत दिलं. आणि गंमत म्हणजे घरी गेल्यावर प्रत्येक जण बायकोला सांगायचा, "मी नव्हतो हो त्याच्या बाजूचा, बाकीचे सगळे होते."

रविवारी मी वहिनीला सोडायला गेलो होतो. मी सभासद नव्हतो, म्हणून दाराबाहेरच्या बाकावर बसलो. तिथून सगळं दिसत होतं. वहिनी स्वेटर घालून बरोबर मधल्या खुर्चीवर. शाळेच्या बाई भिंतीकडेला, हाताची घडी घालून.

जिन्यात बूट वाजले. चिटणीसांनी कागद उघडला. "...म्हणून ही शाखा आदरणीय थोरल्यांना पुन्हा आपले अध्यक्ष म्हणून..." तेवढ्यात थोरले दारात. खुर्च्या करकरल्या. सगळी खोली उभी राहिली. सवयीनं शाळेच्या बाईही उभ्या राहिल्या! चिटणीस म्हणाले, "एकमता..."

आणि थांबले. कारण उभ्या माणसांच्या मधोमध एक खड्डा दिसत होता. खड्ड्यात वहिनी. मांडीवर हात, नजर समोर.

"मावशींचे गुडघे दुखतात," चिटणीस घाईघाईनं म्हणाले. "त्यांना उभं धरून, एकमतानं..."

"गुडघे सभासद नाहीत, चिटणीस," वहिनी म्हणाली. "सभासद मी आहे. आणि मी बसलेय."

मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकला काढला. चिटणीस मागच्या दोघांना म्हणाले, "अरे, मावशींना हात द्या जरा." दोघं पुढं झाले. वहिनीनं खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

"उचला," ती म्हणाली, "खुर्चीसकट उचला. मग लिहून ठेवा, खुर्ची उभी राहिली आणि मावशी बसूनच होती."

त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दोघांचेही सदरे तिच्याच हाताखालून गेलेले. हळूच मागं सरकले. शाळेच्या बाई इतक्यात खाली बघायला लागल्या, आपण उभ्या का आहोत याचा जणू त्यांना आत्ता शोध लागला होता. पण बसणार कसं? आधी बसलं असतं तर मत, आता बसलं तर बंड. सगळी खोली तशीच अवघडून उभी. थोरले खुर्चीकडं निघाले होते ते वळले आणि सरळ वहिनीसमोर आले. त्यांनी चिटणीसांना हातानंच गप्प केलं. खोटं कशाला बोला, माणूस बेरका होता पण आवाज मायेचा होता.

"मावशी," ते म्हणाले, "माझं पहिलं भाषण होतं, तेव्हा माझ्याकडं एकच सदरा होता. तुम्ही तो इस्त्री करेपर्यंत मी तुमच्या टेबलामागं बनियनवर लपून बसलो होतो. आठवतं? तुम्ही म्हणाला होतात, जा, आता कुणाच्या बापाला भिऊ नकोस. मी तुम्हाला आईच्या जागी मानतो. वर्तमानपत्रात काय आलं ते मी विसरलो. जिन्याखालच्या जागेला कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द. एवढं फक्त आज उभ्या राहा. म्हातारपणी माझा मान राखा."

काय सांगू तुम्हाला, बाहेर मीच बाकावरून उठून उभा राहिलो. इतक्या गोड मागण्याला नाही कसं म्हणायचं? जागा वाचत होती, दादाचं औषधपाणी वाचत होतं, आणि द्यायचं काय, तर नुसतं खुर्चीवरून उठायचं. मी दारातून मान आत घातली. वहिनीनं खुर्चीच्या कडा सोडल्या. मला वाटलं, उठली. पण तिनं हात फक्त पुन्हा मांडीवर ठेवले, थोरल्यांकडं मान वर करून नीट बघितलं, आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"आईच्या जागी मानतोस ना, मग ऐक. तू दारात आलास म्हणून उभी राहा म्हणत असशील तर आत्ता उठते, मोठा झालास, मान द्यायला माझी ना नाही. पण पक्षाच्या खुर्चीवर पुन्हा तूच हवास का, असं विचारत असशील तर मी बसलेय, आणि जिन्याखालची जागा गेली तर रस्त्यावर टेबल मांडून हेच सांगेन. तेव्हा आधी ठरव बाबा, तुला मान हवाय की मत हवंय. मत हवं असेल तर चिठ्ठ्या वाटायला सांग लवकर, ही एवढी माणसं मघापासून खाली बसायची वाट बघतायत."