काळ्या लादीवरच्या टाचण्या

“आईला आता दिवसाढवळ्या भास होतात,” शेजारचा नीलेशदादा पप्पांना हळूच सांगत होता, आणि मी चहा घेऊन दारातच थांबले.

यापुढचं मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते.

त्याच्या आईला, म्हणजे काकींना, टाचण्या दिसतात म्हणे. चतुर किड्यापेक्षा बारीक, निळ्या. अंगणातल्या काळ्या लादीवर जोडीने उतरतात, शेपटीचं टोक टेकवतात, उडतात — पुन्हा टेकवतात.

“पाणी कुठाय आता तिथे? बुजवून दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, गोळ्या चालू करा.”

लादीच्या जागी त्यांचं बावखल होतं — वाडीला पाणी देणारं जुनं तळं. ते बुजवायचं नाही म्हणून काकी अडून बसल्या होत्या. तेव्हाच मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वही घेऊन तिथे गेले. काठच्या गवतावर टाचण्या इतक्या, की मोजणं मी विसावर सोडलं. दादा शेजारी येऊन उभा राहिला.

“डासांशिवाय काय नाय ना गं इथे?”

एक शब्द पुरला असता. माणूस समोर आला की माझं तोंड उघडत नाही — पण हे काय कारण झालं? मी होकारार्थी मान हलवली. वर त्याच्यादेखत वहीत लिहिलं: फक्त डास. टाचणीची पाण्यातली पिल्लं डासांच्याच अळ्या खातात, हे मला ठाऊक होतं.

दादाने ते पान आईला वाचून दाखवलं. “शिकलेली पोर खोटं कशाला लिहील?” म्हणत काकी उठल्या. महिन्याभरात भराव पडला.

परवा भर दुपारी मी कुंपणाशी गेले. लादी पाण्यासारखी चकाकत होती. आणि त्या आल्या — निळ्या, जोडीजोडीने, जराही आवाज न करता. दगडावर अंडी घालत होत्या. टाचणी काही आठवडेच जगते. म्हणजे या त्या नव्हेत. मग यांना ही जागा कुणी सांगितली?

पायरीवर बसलेल्या काकींनी डोळे घट्ट मिटले. “नाय. काय नाय तिथे,” स्वतःलाच बजावत होत्या. दादा गोळी आणि पाणी घेऊन बाहेर आला.

मी फाटक ढकललं.

“काकी, डोळे उघडा. आहेत त्या. तेव्हाही होत्या. मी बघितल्या होत्या, आणि खोटं लिहिलं.”