दादाची सकाळची डबी

हे मी कुणाजवळच काढलेलं नाही. वहिनीजवळ नाही, लॅबमधल्या मैत्रिणींजवळ नाही — देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय बरोब्बर टाळते, जसं काही त्याला ठाऊकच नाही! तुमच्याजवळ काढून राहिले. काहून, ते विचारू नका. मलाच धड कळत नाही. धड कळलं असतं तर केव्हाच सांगून मोकळी झाले नसते का?

आधी डब्यांचं सांगते. डब्यांचं सोपं आहे.

माझा मोठा भाऊ, दादा. बँकेतून रिटायर झाला अन् त्याला मासे धरायचं खूळ लागलं. गांडूळ लावून गळ टाकणं नाही हं — ते तर आम्ही लहानपणी केलंच होतं. हे मोबाईलवर व्हिडिओ पाहून आलेलं साहेबी खूळ. लांब लवलवती काठी, जाडसर दोरी, अन् टोकाला खोटी माशी. म्हणजे इवलासा गळ, त्याला दोरा अन् कोंबड्याचं पीस असं गुंडाळायचं की माशाला वाटावं खरोखरचा किडा पाण्यावर पडला. दादाची बोटं केळीसारखी. मी धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य काढलेलं, बारीक कामाची बोटांना सवय. तेव्हा माशा बांधायच्या मी, पिसं आणायची मी, चिकन सेंटरवाल्याची बोलणी खायची तीही मी. मासे धरायचे दादानं.

मीही धरायची, नाही असं नाही. पण नाव त्याचं होतं.

तर डब्या. चपट्या प्लास्टिकच्या, आत टीव्हीच्या खोक्यातला फोम कापून चिकटवलेला, त्यात माशा रांगेनं टोचायच्या. मी रंगानं लावायची. दादाला ते अजिबात पटायचं नाही. ‘नदीत उभं राहून रंग का शोधत बसू मी? मले वेळ सांग, वेळ!’ म्हणून आमच्या घरी सकाळची डबी, दुपारची डबी, संध्याकाळची डबी. सकाळच्या डबीत फिकट, तरंगणाऱ्या माशा. दुपारी ऊन तापलं की खाली बुडणाऱ्या, जड. संध्याकाळी काळ्या, अन् मरळ माशासाठी बेडकासारखी मोठी. अन् एक रिवाज त्यानं पाडलेला — स्वतःची डबी स्वतः भरायची नाही. त्याची मी भरायची, माझी त्यानं. अन् नदीवर पोचेपर्यंत उघडायची नाही! एकदा माझ्या डबीत माशांच्या रांगेत त्यानं चिंचेची गोळी टोचून ठेवली होती, ती सापडल्यावर कन्हान नदीच्या काठावर पोट धरून हसला. असा होता तो. दुसऱ्यानं जे दिलं त्यावर भरवसा ठेवून पाण्यात उतरायचं, बस्स.

मग त्याला लकवा मारला. उजव्या अंगाला.

वाचला. बोलणं परत आलं, पाय परत आला, थोडा ओढत का होईना. हात मात्र हट्टी. फिजिओथेरपीवाली पोरगी यायची, चेंडू दाबायला लावायची, दादा तिच्यावर खेकसायचा. पण व्यायाम सोडला नाही. कारण त्यानं मनात एकच धरलं होतं अन् घरभर सांगत सुटला होता — ‘खाप्याले जाईन अन् एक मासा काढीन. एक निघाला का मी बरा झालो समजा. नाही निघाला, तर हा हात गेला.’ डॉक्टरांचे रिपोर्ट एकीकडे अन् दादाचा मासा एकीकडे. आम्ही हसायचो. तो हसत नव्हता.

घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर तो काठी फिरवायचा सराव करायचा. तिथं पोरं खेळतात, कुणाच्या कानात गळ रुतला तर? म्हणून सरावासाठी मी वेगळ्या माशा बांधल्या अन् पकडीनं त्यांच्या गळांची टोकं कापून टाकली. बाकी दिसायला हुबेहूब खऱ्या. तोच म्हणाला होता, खरी वाटली पाहिजे, नाही तर हाताला लाज वाटते. त्या मी चष्म्याच्या जुन्या केसमध्ये ठेवायची.

आता कळलंच असेल तुम्हाला, मी कुठं चालले ते. थांबा पण. जरा थांबा.

खाप्याला, कन्हानवर जायच्या आदल्या दुपारी मी जेवणाच्या टेबलावर बसून त्याची सकाळची डबी भरली. एका बाजूला वहिनीनं मटाराच्या शेंगा पसरून ठेवलेल्या. एका बाजूला माझं सामान, अन् त्यात तो चष्म्याचा केसही होता, उघडा. दादा समोर बसून डाव्या हातानं माझी डबी भरत होता. एकेक माशी वाकडी टोचत होता अन् बोलत होता. सकाळीच कुणी नातेवाईक त्याला बघायला येऊन गेले होते, त्यांच्यापुढे तो म्हणाला होता, ‘हिचं का आहे, ही डब्या भरते. मासे तर मीच पकडतो.’ सगळे हसले होते. मीही. ते मला लागलं होतं का? त्या वेळी वाटलं नाही. की वाटलं होतं? अन् वहिनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली होती, ‘ताई, एक मासा लागला न, मंग हे कोणाचं ऐकत नाहीत. पाय घसरला पाण्यात, तर मी का करू?’ तेही डोक्यात होतं. की नव्हतं?

माझा हात त्या केसमध्ये केव्हा गेला, मला आठवत नाही. खरंच नाही हो. मटार आठवतात, दादाची वाकडी रांग आठवते, माझा हात आठवत नाही. चूक झाली असं कितीदा स्वतःला सांगून पाहिलं. दिसायला एकसारख्या होत्या, होते चूक. पण पूर्ण रांग? एकही टोक असलेली माशी त्यात चुकूनसुद्धा गेली नाही, अशी कशी ही चूक? अन् वहिनीचं नाव तर मी मुळीच पुढे करणार नाही. ती बिचारी नवऱ्यासाठी घाबरली होती. मी कशासाठी घाबरले होते?

बरं, दुपारचं एक वेळ सोडून देऊ. नदीवरचं सोडता येत नाही.

दादाच्या बोटांना गाठ जमेना, तेव्हा माशी दोरीला मी बांधून दिली. आम्हा लोकांची एक सवय असते. माशी बांधली की गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढून बघायचं. नखात अडलं तर टोक चांगलं. घसरलं तर बोथट. हे न करता मी आयुष्यात एक माशी पाण्यात जाऊ दिली नाही. त्या सकाळीही टेकवलं. घसरलं.

म्हणजे मला कळलं. तिथं, गुडघाभर पाण्यात, दादा माझ्याकडे पाठ करून उभा, अन् मला कळलं. माझी डबी माझ्या खिशात होती. एक माशी बदलायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, ‘हं, टाक दादा.’

त्यानं टाकली. अन् काय टाकली, बाप्पा! इतक्या दिवसांची मेहनत त्या हातात दिसली. दोरी सरळ गेली, माशी अलगद बसली, अन् खालून पाणी फुगलं. मासा आला, माशी धरली, दोरी ताणली — सुटला. दादा म्हणाला, ‘उशीर झाला माह्या हाताले.’ पुन्हा टाकली. पुन्हा मासा आला. पुन्हा सुटला. मी पुढची माशी बांधून दिली, त्याच रांगेतली. आता तर मी नखावर टेकवूनही पाहत नव्हते. मासे येत होते हो, त्याच्याकडेच येत होते, अन् दर वेळी सुटल्यावर तो आपल्या मनगटाकडे असा बघायचा, जसं पोटच्या पोरानं चारचौघांत मान खाली घालायला लावली.

मग मी माझी काठी फिरवली, कडेच्या गवताजवळ. मरळ लागली. चांगली दांडगी, काठी वाकली, मी ओरडले. माझ्या डबीतली ती माशी दादानंच टोचलेली होती. तो लंगडत काठावर आला, मांडीवर डावा हात आपटून शाबास शाबास म्हणाला. मग म्हणाला, ‘निवडता येते मले अजून. पकडता येत नाही.’ अन् दगडावर जाऊन बसला. ‘हात गेला वं मंदे.’

आता ऐका, कारण इथपर्यंत मी जे सांगितलं ते सगळं याच्याभोवती फिरत होतं. टोकं कापलेली डबी — ते आहेच. गप्प बसले — तेही आहेच. पण ती मरळ हातात धरून मी उभी होते, माझा भाऊ दगडावर बसून स्वतःच्या हाताला मेलेला समजत होता, अन् मला आनंद झाला होता. माशाचा नाही. तो माझ्याकडे बघत होता, त्याचा. पहिल्यांदा मासा माझा होता अन् बघणारा तो होता. थोडा वेळच झाला आनंद. पण झाला. आता त्या आनंदाची शरम वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

गाडी मीच चालवत आणली. दुसऱ्या दिवशी ती रांग मी लॅबमध्ये नेली अन् वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली, जिथं कुणी हात घालत नाही. दादानं काठी देऊन टाकली. फिजिओथेरपीच्या पोरीला दारातूनच परत पाठवलं. प्लॉटवर गेला नाही. सांगायला हवं होतं ना त्याच आठवड्यात? ‘दादा, हात चांगला आहे गा तुझा, माशी खोटी होती’ — एवढंच तर वाक्य. तेव्हा सांगितलं असतं तर हात वाचला असता. डॉक्टर म्हणालेच होते की सोडू नका, सोडलं तर आखडेल. आखडला. आता छातीशी दुमडलेला असतो. मी वरच्या मजल्यावर राहते, तो खाली. रोज बघते.

मागच्या महिन्यात घरी पाहुणे जेवायला होते. कुणीतरी विचारलं, मासेमारी का सोडली. दादा आता हसून सांगतो ते. म्हणाला, ‘हिनं बांधलेल्या माशीत कधी खोट नव्हती, बरं का. जो मासा सुटला तो हिच्या माशीनं नाही, माह्या हातानं.’ अन् माझ्याकडे वळून म्हणाला, ‘खरं का नाही वं मंदे?’

सगळे माझ्याकडे बघत होते.

‘हो दादा,’ मी म्हटलं, अन् त्याच्या ताटातल्या पोळीचे तुकडे करून दिले.