शर्यतीच्या आड आलेला गतिरोधक

शाळेसमोरच्या रस्त्यावर आता नुसता काळा पट्टा उरलाय. तिथे गतिरोधक होता. घरातला पहिला पदवीधर मी. तो बसवून घेण्यासाठी वस्तीच्या वतीने अर्ज मीच लिहिले होते. विजेच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी तो एका सकाळीत खरवडून टाकला.

"भविष्य धावणार आहे इथून," काम करून घेणारा इंजिनिअर म्हणाला.

"त्याला ब्रेक नाहीत का हो साहेब?" शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सखूमावशीने विचारलं.

गाड्या सुसाट गेल्या. आवाज नाही, धूर नाही, म्हणून कौतुक झालं. मला चीडच आली. एवढासा उंचवटा ज्याला सोसवत नाही, त्या भविष्याला आमची पोरं कशी सोसवणार?

शर्यत संपली, गतिरोधक परत आला नाही. आता रोजच्या गाड्याही तशाच सुटतात. शाळा सुटली की मावशी दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि पोरं तिच्या पाठीमागून पळत पलीकडे जातात.