चौथा माणूस

मालवणच्या बाजारात होड्यांचा रंग आणि दोरखंड विकणारा एक दुकानदार होता. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. दिवाळीआधी बाजारातली दुकानं आमच्या मुलांची चित्रं लावत. रंग आणि कागद मात्र हा एकटाच द्यायचा. चित्र कसंही असो, एक डोळा मिटून बघायचा आणि म्हणायचा, "बरा आसा, मास्तर." त्यापुढे शब्द नाही. मला कधीकधी त्याचा रागही यायचा.

त्या वर्षी होडी उलटून चौघे बुडाले. तिघांची प्रेतं किनाऱ्याला लागली, चौथ्याचं लागलं नाही. त्याची मुलगी आमच्या नववीत होती. तिने वाळूवर ओळीने निजवलेले चौघेही रंगवले.

सणासुदीला असलं अभद्र चित्र कोणी घेईना. ह्याने ते दारातच टांगलं. गिऱ्हाइकं कुरकुरली, तर म्हणाला, "चेडवान काढलेला आसा. ता हयसरच रवतला."

एका सकाळी मुलीला घेऊन तिची आई आली.

"भाऊ, ह्या माका दिया. तेंका अग्नी देवक माझ्याकडे दुसरा कायएक नाय."

त्याने आधी मुलीला विचारलं, "गो, चित्र तुझा. दिवया?"

मुलीने होकाराची मान डोलावली.

त्याने दुकान बंद केलं आणि चित्र दोन्ही हातांवर घेऊन आम्हा पुरुषांबरोबर स्मशानात आला. कागदच तो, क्षणात जळून गेला. लोक घरी वळले. माणूस जळायला जितका वेळ लागतो, तितका वेळ तो तिथेच वाळूत बसून राहिला.